बेंचवरचा सीझन

'सो, हूज युवर टीम?'

अमेरिकन क्लायंटबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो. सोमवारचा कॉल. पहिली पाच मिनिटं हवामानाची, पुढची पाच कालच्या गेमची. मग काम. त्या मधल्या पाच मिनिटांत आपण काय करायचं, तर 'ओ या, व्हॉट अ गेम!' असं म्हणून पटकन म्यूट करायचं. मी बरीच वर्षं हेच केलं. 'फुटबॉल' म्हणजे पायानं खेळायचा, इथवरच माझं ज्ञान. हा लांबट, नारळासारखा चेंडू हातात घेऊन पळणारा आणि तरीही फुटबॉलच म्हणवणारा खेळ मला कशाला कळायला?

पण आमचा डेट्रॉइटचा क्लायंट मॅनेजर फसणारा नव्हता. साठीच्या घरातला माणूस, आवाज खर्जातला, आणि आमच्या चुका आमच्याच भल्यासाठी दाखवण्याची सवय. त्यामुळे आम्ही त्याला आपसात 'काका' म्हणायचो. एका सोमवारी काकांनी मला म्यूटवरून बाहेर खेचलं. 'व्हॉट अ गेम म्हणालास ना? मग सांग, जिंकलं कोण?'

संपलं!

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. मैदान शंभर यार्डांचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याचा. शेवटच्या रेषेपलीकडे पोचलात की टचडाऊन, सहा गुण. थोडक्यात काय, तर आपल्या स्प्रिंटसारखंच. चार आठवडे दिलेत, एवढं पुढे सरका, नाही सरकलात तर काम दुसऱ्या व्हेंडरकडे. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते एवढे हसले की कॉलवरच्या बाकीच्यांना वाटलं बजेट मंजूर झालं.

काकांची टीम डेट्रॉइट लायन्स. आता टीम निवडायचीच तर माणसानं जिंकणारी निवडावी की नाही? पण नाही. लायन्सनं २००८ च्या सीझनमध्ये सोळाच्या सोळा मॅच हरून दाखवल्या होत्या. सोळा सामन्यांच्या सीझनमध्ये एकही न जिंकणारी ती पहिली टीम. सुपर बोल नावाची जी मोठी फायनल असते, तिथवर ते आजवर एकदाही पोचलेले नाहीत. आणि काका मात्र दर सप्टेंबरात नव्यानं लग्न ठरल्यासारखे खूष. 'धिस इज अवर इयर.'

मग जानेवारी २०२४ मध्ये लायन्सनं लॉस एंजेलिस रॅम्सला २४-२३ असं हरवलं. प्लेऑफमधला ३२ वर्षांतला पहिला विजय. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती आणि मी चक्क सहाला उठून मोबाइलवर ती मॅच पाहिली. संध्याकाळच्या कॉलवर काकांचा आवाज फुटत नव्हता. त्यांचे वडील आयुष्यभर याच टीमच्या नावानं खडे फोडत गेले, असं म्हणाले आणि स्वतःच म्यूटवर गेले. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, बॉस, आपलीही एक टीम पाहिजे.

दोनच आठवड्यांनी लायन्स सॅन फ्रान्सिस्कोकडून ३४-३१ असे हरले. अर्ध्या वेळेला २४-७ असे पुढे असताना! मीही दिवसभर तोंड पाडून बसलो. आई फोनवर म्हणाली, 'अरे, काय झालं?' आता आईला काय सांगणार, की डेट्रॉइट हरलं?

त्यानंतर काकांनी एक दिवस मला गुगलीच टाकली. 'तुम्ही पुण्याचे ना? मग तुमची टीम तर चॅम्पियन आहे!'

मला वाटलं काकांचा क्रिकेटमध्ये गोंधळ झाला. पण नाही. काका बोलत होते ते अमेरिकन फुटबॉलबद्दलच.

तर मंडळी, तुमच्यापैकी किती जणांना हे माहिती आहे ते मला सांगा. २०११ मध्ये 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' नावाची एक प्रोफेशनल लीग जाहीर झाली. पाठीशी नावं कोण? कर्ट वॉर्नर, माइक डिटका, मायकल अर्विन असे अमेरिकन फुटबॉलमधले दिग्गज, भारतीय वंशाचा ब्रँडन चिल्लर, वर हॉलिवूडचा मार्क वॉलबर्ग. पहिल्या सीझनला दिल्ली, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद अशा शहरांच्या टीम, कोलंबोची एक, पाकिस्तानची एक. मुंबईची होती मुंबई ग्लॅडिएटर्स. आणि पुण्याची पुणे मराठाज. रग्बी, कबड्डी, ॲथलेटिक्स अशा खेळांतून आलेली ही मुलं. बहुतेकांनी त्याआधी तो नारळासारखा चेंडू हातातही धरलेला नव्हता. तो खेळ शिकायचा, अंगावर पॅड आणि डोक्यावर हेल्मेट चढवायचं, आणि त्यात पळायचं. २०१२ साली श्रीलंकेत, कोलंबोला हा पहिला सीझन झाला. फायनलचं नाव 'एलिट बोल'. पुणे मराठाज विरुद्ध दिल्ली डिफेंडर्स. निकाल, ६-०. सहा म्हणजे एका टचडाऊनची किंमत. पुणे चॅम्पियन!

२०१२ मध्ये मी पुण्यातच होतो. नोकरीत नवा, वाकडला तिघांत एक फ्लॅट, टीव्हीवर सामने यायचे ते चॅनलही घरी येत होतं. माझं शहर दिल्लीला हरवून चॅम्पियन झालं आणि मला ते बारा वर्षांनी डेट्रॉइटहून कळलं. ना मिरवणूक, ना लक्ष्मी रोडवर कुणी गुलाल उधळला. आठ टीमची ती लीगही पुढे त्या रूपात टिकली नाही. म्हणजे विचार करा, तुम्ही जीव तोडून डिलिव्हरी दिलीत, गो-लाइव्ह सुरळीत झालं, आणि दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टच बंद. अप्रेझलमध्ये लिहायला एकच ओळ, 'चॅम्पियन, २०१२'. आणि वाचणारा विचारणार, 'हे काय असतं?'

हे मी हसत हसत सगळ्या ऑफिसला सांगत सुटलो होतो. आमच्या टेस्टिंगमधल्या मित्राला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. 'मग काय झालं? खेळले ना ते?' एवढंच म्हणाला आणि पुन्हा स्क्रीनकडे वळला.

या मित्राची ओळख करून द्यायला हवी. त्याला काकांनी नाव दिलं होतं 'क्यूबी', म्हणजे क्वार्टरबॅक. रिलीजच्या रात्री सगळे ओरडत असताना कुणी काय करायचं हे शांतपणे सांगणारा तो एकटा. क्यूबी मूळचा काठीजवळच्या एका पाड्यावरचा. काठी म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं, अक्कलकुवा तालुक्यातलं, सातपुड्यातलं गाव. मीही नंदुरबारचाच, शहरातला. त्यामुळे आम्ही 'गाववाले', असं सगळे समजायचे. खरं सांगायचं तर दहावीपर्यंत नंदुरबारात राहून मी कधी काठीला गेलो नव्हतो. तिथली होळी प्रसिद्ध आहे, हे मला पेपरमधल्या फोटोंवरून माहिती. क्यूबी दर वर्षी होळीला रजा टाकायचा. आम्हाला वाटायचं, पुण्यात रंग लावायला मिळत नाहीत का याला?

आता कट टू फेब्रुवारी २०२५. लायन्सनं त्या सीझनला १५ मॅच जिंकल्या होत्या, दोनच हरल्या होत्या. टीमच्या इतिहासातली सगळ्यात भारी कामगिरी. आणि प्लेऑफच्या पहिल्याच मॅचला वॉशिंग्टनकडून ४५-३१ असे घरच्या मैदानावर आडवे. काका दोन कॉल गप्प होते. तिसऱ्या कॉलवर बोलले, ते वेगळंच. आमचा प्रोजेक्ट महिनाअखेर बंद होणार होता. आमची काही चूक नव्हती, असं ते तीनदा म्हणाले. तीनदा म्हटलं की जास्त लागतं, नाही का?

आणि मार्चच्या एक तारखेला मी अन् क्यूबी बेंचवर.

बेंच! ज्यांनी अनुभवलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही त्यांना सांगून कळायचं नाही. पगार चालू, लॅपटॉप चालू, फक्त तुम्ही बंद. सकाळी ऑफिसला जायचं, कॉफी मशीनशी ओळख वाढवायची, आणि रिसोर्स मॅनेजमेंटच्या मेलची वाट पाहायची. आमच्याकडे बेंचला साठ दिवसांची मर्यादा. एकसष्टाव्या दिवशी काय होतं हे कुणी बोलून दाखवत नाही. होम लोनचा हप्ता मात्र पाच तारखेलाच जातो.

क्यूबी तिसऱ्या दिवशी म्हणाला, 'मी गावी चाललो. या वर्षी पालनी घेणार आहे. एवढे दिवस मोकळे कधी मिळाले नव्हते.' आणि बॅग भरून गेलासुद्धा.

दहा मार्चला मेल आला, दोघांनाही. नव्या क्लायंटचा इंटरव्ह्यू, गुरुवार १३ मार्च, संध्याकाळी साडेसात. जागा एकच. मी कॅलेंडर पाहिलं. १३ ला होळी. मी उत्तरात लिहिलं, 'कन्फर्म्ड.' क्यूबीनं लिहिलं, 'पालनी घेतली आहे. गुरुवारी जमणार नाही. दुसरा दिवस मिळाल्यास आभारी.' रिसोर्स मॅनेजमेंटमधल्या मुलीनं मला फोन करून विचारलं, 'हा पालनी कुठला प्रोजेक्ट आहे? सिस्टीममध्ये दिसत नाहीये.'

मला हसू आलं, आणि मग नाही आलं. मी पण तर जिल्ह्यातलाच. मला तरी कुठे माहिती होतं? बुधवारच्या रातराणीचं तिकीट काढलं. म्हटलं, इंटरव्ह्यू काय, फोनवरच आहे. कुठूनही देता येईल.

नंदुरबारला घरी अंघोळ, आईच्या हातचं जेवण, दुपारी एका भाड्याच्या गाडीतून पुढे. तापी ओलांडली, तळोदा, अक्कलकुवा, मग देवगोईचा घाट चढून मोलगी. रस्ताभर पलाश फुललेला. प्रत्येक जीपच्या टपावर माणसं. ड्रायव्हर म्हणाला, ही सगळी कामावरून परत आलेली. ऊसतोडीला, बांधकामावर गुजरातेत जातात, पण होळीला कुठूनही येतात. इथे दिवाळीपेक्षा होळी मोठी. माझ्या शेजारी बसलेला एक जण सुरतेकडून आला होता. 'मुकादमाला सांगून आलो,' म्हणाला. 'तीन दिवसांचे पैसे कापतो. कापू दे.' साठ दिवसांचे हिशेब करणारा मी, खिडकीबाहेर बघायला लागलो.

काठीला पोचलो तेव्हा मैदान भरायला लागलं होतं. क्यूबीच्या काकांनी मला घरी नेलं, पाणी दिलं, आणि पहिलाच प्रश्न, 'नंदुरबारचा ना रे तू? मग इतकी वर्षं आला का नाहीस?'

यावर 'व्हॉट अ गेम' म्हणून म्यूट होता येत नाही.

त्यांनीच मला सगळं सांगितलं. ही राजवाडी होळी. एकेकाळच्या काठी संस्थानची. १२४६ सालापासून चालत आली आहे, असं गावात सांगतात. होळीचा बांबू लांबून, गुजरातच्या जंगलातून आणतात. उंच, सरळ, सत्तर फुटांच्या आसपासचा. तो उभा करायचा खड्डा कुदळ-फावड्यानं नाही, हातांनी खणायचा. आणि पालनी म्हणजे व्रत. ज्यांनी ती घेतली त्यांनी होळीच्या आधीपासून जमिनीवर झोपायचं, ब्रह्मचर्य पाळायचं, खाटेवर बसायचंही नाही. घेतली की मध्येच सोडायची नाही. 'मध्येच' हा शब्द म्हणताना काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण मला तो लागला.

सव्वासातला माझी पळापळ सुरू झाली. गावात माणसं एवढी की मोबाइलला रेंजच मिळेना. एकानं सांगितलं, मागे रस्त्यावर वळणाशी जा, तिथे येते. अंधारात पळत गेलो. एका मोठ्या दगडावर चढलो तेव्हा दोन काड्या दिसल्या. बरोबर साडेसातला फोन वाजला.

इंटरव्ह्यू छान चालला होता. बारा वर्षांचा अनुभव वगैरे मी धडाधड सांगत होतो. तेवढ्यात खालून, पाड्यांवरून, ढोल येऊ लागले. एक नाही, दोन नाही, वेगवेगळ्या वाटांनी येणारे ढोल. दगड थरथरतोय असं वाटत होतं. पलीकडचा माणूस म्हणाला, 'हे मागे काय चाललंय?'

आणि मी म्हणालो, 'सॉरी फॉर द नॉइज. फॅमिली फंक्शन आहे.'

नॉइज. फॅमिली फंक्शन. शब्द तोंडातून गेले आणि मला पुणे मराठाज आठवले. मी त्या मुलांवर वर्षभर हसत होतो, की जिंकलात आणि कुणाला कळलंसुद्धा नाही. अरे, न कळणारा तो 'कुणी' म्हणजे मीच होतो! माझ्या शहरात राहून मला माझी टीम दिसली नव्हती. आता माझ्या जिल्ह्यात, एका दगडावर उभा राहून, समोर ढोल वाजत असताना, मी तिला आवाज म्हणत होतो.

फोन ठेवून खाली आलो. मैदानात आता पाय ठेवायला जागा नव्हती. बुध्या नाचत होते. डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, अंगभर पांढरे ठिपके, कमरेला सुकलेले दुधी भोपळे आणि घुंगरं. शंभर जण एकदम पाय आपटायचे तेव्हा तो खुळखुळाट छातीत वाजायचा. त्यातला क्यूबी कुठला, हे मला तासभर ओळखता आलं नाही. शेवटी त्यानंच नाचता नाचता भुवई उडवली. रिलीज यशस्वी झाल्यावर उडवायचा तशीच.

आणि मग रात्री उशिरा तो बांबू उठला. मी मोठ्ठं काहीतरी लिहिणार नाही, जे पाहिलं तेवढं सांगतो. शेकडो हात लागले. थोडा उचलला, थांबले. पुन्हा थोडा. मध्येच तो एका बाजूला कलला तेव्हा गर्दीतून एकच आवाज निघाला, आणि त्या बाजूचे हात वाढले. काकांनी, म्हणजे डेट्रॉइटच्या काकांनी, मला सांगितलं होतं की फुटबॉलमध्ये पुढच्या रांगेत पाच दांडगट उभे असतात. चेंडू सहसा त्यांच्या हाताला लागत नाही, त्यांचं नाव स्कोअरबोर्डवर येत नाही, पण ते हलले तर क्वार्टरबॅक दोन सेकंदात जमिनीवर. मला तेव्हा ते नीट कळलं नव्हतं. इथे कळलं. इथे क्वार्टरबॅक नव्हताच कुणी. सगळी पुढचीच रांग.

मोठ्या लेन्स घेतलेले फोटोवाले धक्काबुक्की करत होते. मला त्यांचा राग आला. मग लक्षात आलं की माझाही मोबाइल वरच आहे. तो खिशात टाकला.

पहाटे होळी पेटली. रात्रभर ज्याच्यासाठी एवढं केलं तो बांबू जळायला लागला. ट्रॉफी नाही, कप नाही, कपाटात ठेवायला काही नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जंगल, पुन्हा नवा बांबू, पुन्हा हातांनी खड्डा. मी शेजारी उभ्या सुरतवाल्याला विचारलं, 'आता?' तो म्हणाला, 'आता काय, परवा कामावर.' आणि अख्ख्या चेहऱ्यानं हसला.

मला तो प्रोजेक्ट मिळाला. खरंच सांगतो, आनंद झाला. हप्ता सुटला. क्यूबीला दुसरा दिवस कुणी दिला नाही. तो परत येऊन बेंचवर बसला, अठ्ठेचाळिसाव्या दिवशी त्याला दुसरीकडे घेतलं. त्या मधल्या दिवसांत तो घाबरला नव्हता असं नाही. एकदा कॅन्टीनमध्ये म्हणाला, 'टेन्शन येतं रे. पण ते इंटरव्ह्यू सोडल्याचं नाही येत.' त्यामुळे यात काही तात्पर्य-बित्पर्य शोधू नका. हप्ते सगळ्यांनाच असतात.

काकांना मी लांबलचक मेल लिहिला. काठीबद्दल, बांबूबद्दल, फॅमिली फंक्शनबद्दलही. त्यांचं उत्तर आलं दोन ओळींचं. पहिली, पुढचं वर्ष लायन्सचं. दुसरी, तुला टीम मिळालेली दिसते.

मिळाली का? माहीत नाही. इतकी वर्षं शेजारी राहून फिरकलो नाही, त्याला एका रात्रीत कोण टीममध्ये घेईल? पण निदान प्रेक्षकांत तरी नाव लागावं. म्हणून नव्या प्रोजेक्टच्या सिस्टीममध्ये पुढच्या होळीची रजा मी आधीच टाकून ठेवली. तिथे कारणाचा रकाना असतो. सवयीनं बोटांनी 'फॅमिली फंक्शन' टाइप केलं होतं.

ते खोडलं. लिहिलं, 'काठीची होळी'.

मॅनेजरनं विचारलंच, 'हे काय असतं?'

म्हटलं, बसा. सांगतो.